लेंड्या खाणारा खंड्या

खानापूर तालुक्यातील एका गावातून एका ताईंनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: "आमच्याकडे अडीच वर्षांचा मुधोळ जातीचा संकरित कुत्रा आहे, त्याचे नाव खंड्या. सुगी आटोपली की शेजारच्या भावकीच्या शेतात धनगर मेंढरे बसवतात, आणि ती आली की खंड्या दिवसभर तिथे जाऊन लेंड्या खातो. घराच्या बांधकामासाठी अंगणात वाळू टाकली आहे, तिच्यात मांजरे घाण करतात आणि तीही तो उकरून खातो. सासूबाई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, यजमान काठी घेऊन धावतात. कोणी म्हणते अंगात मीठ कमी आहे, कोणी लेंड्यांवर मिरचीपूड टाकायला सांगते. त्याची विष्ठा तपासली तेव्हा जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी निघाले. दोनदा औषध देऊनही पुन्हा तेच निघाले. त्याच्या बरगड्या दिसतात. माझा तीन वर्षांचा मुलगा त्याच्या गळ्यात पडतो आणि जाऊबाई गरोदर आहेत. कुत्रा ठेवावा की कोणाला देऊन टाकावा?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: खंड्याला देऊन टाकू नका. तो ज्या घरी जाईल तिथेही शेळ्या-मेंढ्या, गुरे आणि मांजरे असणारच, आणि तिथे तो हेच करील. तुमच्या पत्रात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच "घाण खातो" या शब्दात बांधल्या गेल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. कुत्रा विष्ठा खातो एवढ्यावरून मी कधी घाबरत नाही. ती कोणाच्या पोटातून आली, किती दिवसांची आहे आणि त्या जनावराला अलीकडे कोणते औषध दिले होते, हे मात्र नेहमी विचारतो.

मेंढीच्या लेंडीकडे आपण आपल्या नाकाने पाहतो, खंड्या त्याच्या नाकाने पाहतो. मेंढीच्या पोटात असंख्य जिवाणू चारा कुजवतात, आणि लेंडीत अर्धवट पचलेल्या पाल्याबरोबर त्या जिवाणूंची शरीरे, थोडी प्रथिने आणि कुत्र्याला दुरूनही ओढून घेणारा एक आंबूस वास असतो. दोन दिवसांच्या उन्हात वाळलेली लेंडी कुत्रा कशी खातो हे मी पुष्कळदा जवळून पाहिले आहे. तो आधी नाकाने ती बाजूला ढकलतो, मग ओठ मागे घेऊन पुढच्या दातांनी अलगद उचलतो आणि भाजलेला फुटाणा खावा तशी कडकन फोडतो. त्यात लपवाछपवी नसते आणि रोगाचे लक्षणही नसते. माणसाच्या वस्तीभोवतीचे टाकाऊ खाऊन जगलेल्या प्राण्याचा तो वंशज आहे, आणि वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत रात्रभर मेंढरे बसलेले शेत म्हणजे त्याच्या दृष्टीने मांडून ठेवलेले ताट आहे. ज्या शेणाने आपण अंगण सारवतो ते कुत्र्याने चाटले की आपल्याला किळस येते, यात थोडी गंमत आहेच. पण सासूबाईंच्या किळसेलाही आधार आहे, त्याकडे पुढे येतो.

स्वतःच्या जातीची, म्हणजे दुसऱ्या कुत्र्याची विष्ठा खाणे हा यापेक्षा वेगळा प्रकार आहे. पिल्ले झालेली कुत्री पहिले काही आठवडे पिल्लांची घाण स्वतः चाटून जागा स्वच्छ ठेवते, तो तिच्या आईपणाचा भाग असतो. मोठ्या कुत्र्यांबाबत अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे १६ टक्के कुत्री दुसऱ्या कुत्र्यांची विष्ठा वारंवार खाणारी निघाली, आणि त्यांतील बहुतेकांना दोन दिवसांच्या आतली ताजी विष्ठाच हवी असे. संशोधकांनी त्याचे कारण असे सुचवले की लांडग्यांच्या काळात गुहेजवळ पडलेली विष्ठा तिच्यातील जंतांची अंडी संसर्गक्षम होण्याआधीच खाऊन टाकणे कळपाच्या सोयीचे असावे. बाजारात मिळणाऱ्या, विष्ठेची चव बिघडवण्यासाठी अन्नात मिसळायच्या पुड्या आणि गोळ्या त्या पाहणीत शंभरात एक-दोन कुत्र्यांनाही धड उपयोगी पडल्या नव्हत्या. तुमच्या प्रश्नात तर त्या मुळातच निरुपयोगी आहेत, कारण पूड खंड्याच्या अन्नात पडणार आणि लेंड्या मेंढरांच्या असणार.

आता तपासणीच्या अहवालाकडे वळू, कारण पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. दोनदा औषध देऊनही अंडी निघतात, याचा अर्थ औषध निकामी आहे असाच होत नाही. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारे जे जंत असतात, त्यांची अंडी लेंडीतून बाहेर पडतात. खंड्या लेंडी खातो, ती अंडी त्याच्या आतड्यातून जशीच्या तशी प्रवास करून त्याच्या विष्ठेत येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते जंत कुत्र्याच्या पोटात रुजत नाहीत, खंड्याला त्यांचा आजार नाही. अडचण अशी की मेंढीच्या या जंतांची अंडी आणि कुत्र्याच्या आतड्यात रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीची अंडी दिसायला सारखीच असतात. त्यांचा आकार मोजून पाहिला तरच फरक कळतो, आणि घाईच्या तपासणीत तो सुटतो. कॉक्सिडियाचेही तसेच आहे. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि ससे यांच्या कॉक्सिडिया ज्या त्या प्राण्यापुरत्या असतात, कुत्र्याच्या वेगळ्या असतात, पण "कॉक्सिडिया आढळले" एवढ्याच शब्दांत अहवाल आला की दोन्ही एकच वाटतात.

पशुवैद्य म्हणून नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. गवळीवाड्यातल्या एका कुत्र्याला मी महिन्याभरात तीनदा जंताचे औषध दिले, दर वेळी अंडी निघत आणि दर वेळी मी औषधाच्या कंपनीला मनात शिव्या देई. शेवटी त्याच्या मालकिणीनेच विचारले, "डॉक्टर, हे आमच्या शेळीच्या मागं मागं असतंय, त्याचं काय?" त्या बाईंनी माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढली. म्हणून खंड्याची पुढची तपासणी करताना त्याला आधी पूर्ण तीन दिवस घरी बांधून ठेवा, लेंडी, शेण, मांजराची घाण यांतले काहीही तोंडात जाऊ देऊ नका आणि चौथ्या दिवशीचा ताजा नमुना झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी द्या. डॉक्टरांना आवर्जून सांगा की हा कुत्रा लेंड्या खातो. तेव्हाही अंडी निघाली तर ती त्याची स्वतःची समजून उपचार करावा; न निघाली तर मागच्या दोन्ही वेळचे अहवाल मेंढरांचे होते असे समजावे.

लेंडीतून येणारा खरा धोका जंतांपेक्षा जंतांच्या औषधाचा आहे. मेंढरांना वर्षातून दोन-तीनदा जंताचे औषध पाजतात किंवा सुई टोचतात, आणि त्यात आयव्हरमेक्टिन हे औषध पुष्कळ वापरले जाते. औषध उत्तमच आहे, त्याच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण मेंढीच्या अंगातून ते बहुतांशी शेणावाटेच बाहेर पडते आणि पहिल्या काही दिवसांच्या लेंड्यांत त्याचा अंश बराच असतो. बहुतेक कुत्र्यांच्या मेंदूभोवती अशी औषधे परतवून लावणारी एक व्यवस्था असते. काही कुत्र्यांत मात्र ती जन्मतःच सदोष असते. या दोषामागचा जनुकीय बदल २००१ साली उजेडात आला. कोली आणि तत्सम मेंढपाळ जातींत तो जास्त आढळतो. खंड्या मुधोळ दिसत असला तरी संकरित आहे, आणि त्याच्या रक्तात आणखी कोण कोण आहे हे तोंडाकडे पाहून सांगता येत नाही; शिवाय ताज्या लेंड्या भरपूर खाल्ल्या तर दोष नसलेल्या कुत्र्यालाही त्रास होऊ शकतो.

उपाय साधा आहे. तुमच्या शेजारच्या शेतात उतरलेल्या धनगर मंडळींकडे जाऊन "मेंढरांना औषध कधी पाजलं, कोणतं पाजलं" एवढे विचारा; ते सांगतात, कारण त्यांचीही कुत्री त्याच कळपाबरोबर असतात. औषध नुकतेच दिले असेल तर पुढचे दोन आठवडे खंड्याला त्या शेताकडे फिरकू देऊ नका. लेंड्या खाऊन आल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी तो झोकांड्या खाऊ लागला, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, भिंतीला धडकू लागला किंवा अंग थरथरू लागले, तर घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका, ताक-लिंबू पाजू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या, आणि शक्य झाल्यास मेंढरांच्या औषधाची रिकामी बाटली बरोबर घ्या. याच कारणासाठी मेंढरांचे उरलेले औषध अंदाजाने कुत्र्याला पाजण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती मला अजिबात मान्य नाही.

शेतातल्या दुसऱ्या एका वस्तूविषयी सांगणे भाग आहे, कारण लेंडीखताच्या ढिगाशेजारी ती अनेकदा पडलेली असते. एरंडीची पेंड कुत्र्यांना फार आवडते, आणि तिच्यातील रिसिन हे विष काढून टाकलेले नसेल तर थोड्याशा पेंडीनेही रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन कुत्रा दगावतो. उसात टाकायच्या दाणेदार कीटकनाशकाचेही तेच. "लेंड्या खाऊन कुत्रा मेला" अशा ज्या गोष्टी गावात ऐकू येतात, त्यांतल्या काहींच्या मागे लेंडी नसून ही पोती असावीत असा माझा कयास आहे. तोंड बांधलेली पोती उंचावर ठेवा. कोंबडीखताच्या बाबतीत मात्र खत स्वतःच दोषी असते, त्यात हगवण लावणारे साल्मोनेलासारखे जिवाणू असतात आणि कधी कधी मेलेल्या कोंबड्याही कुजत असतात. तिथे कुत्र्याला जाऊच देऊ नये.

आता वाळूच्या ढिगाकडे येतो, कारण तुमच्या घरात सर्वांत आधी ज्याला हात घालायला हवा तो हाच ढीग आहे. मांजर पूर्ण मांसाहारी असल्याने तिच्या विष्ठेत प्रथिनांचा अंश आणि वास दोन्ही तीव्र असतात, त्यामुळे खंड्या वाळू उकरतो यात नवल नाही. पण त्याच वाळूत तुमचा तीन वर्षांचा मुलगाही खेळत असणार. मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या गोलकृमींची अंडी ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतात, त्यांना संसर्गक्षम व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे रोजची घाण रोज काढली तर धोका बराच टळतो, आणि ती वाळूत मुरत राहिली तर महिनोन्महिने टिकतो. ती अंडी मुलाच्या नखांतून पोटात गेली तर त्यांतील अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. जाऊबाईंसाठी चिंता आहे ती मांजरांच्या विष्ठेतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. तोही ताज्या घाणीत संसर्गक्षम नसतो, एक ते पाच दिवसांत होतो. खंड्या स्वतः तो परजीवी तयार करून पसरवत नाही, मात्र वाळूत लोळून आलेल्या त्याच्या केसांवर आणि तोंडावर तो घरात येऊ शकतो.

म्हणून आजच त्या ढिगावर ताडपत्री घाला आणि चारही कडांवर चिरे ठेवा. वरवरची घाण फावड्याने काढून पुरून टाकायचे काम यजमानांनी करावे, जाऊबाईंनी त्या वाळूला हात लावू नये, बागकाम केल्यास नंतर साबणाने हात धुवावेत, कोशिंबिरीच्या भाज्या नीट धुवाव्यात आणि मटण पूर्ण शिजलेले खावे. गरोदरपणात घरात कुत्रा आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मुलाला मात्र एक सवय लावा: खंड्याला हात लावला की जेवणाआधी हात धुवायचे, आणि खंड्याने तोंड चाटायचे नाही. तीन वर्षांचे मूल हे एकदा सांगून ऐकत नाही, म्हणून खंड्या बाहेरून आला की दाराशी टांगलेल्या ओल्या फडक्याने त्याचे तोंड आणि पंजे पुसण्याचे काम एखाद्या मोठ्या माणसाकडे द्या.

दुसऱ्या कुत्र्यांची विष्ठा हा याच रांगेतला, पण खंड्याच्या दृष्टीने जास्त धोक्याचा मामला आहे, कारण तिथल्या जंतांना त्याचे पोट परके नसते. अंकुशकृमी, गोलकृमी आणि लहान पिल्लांना अनेकदा मारणारा पार्व्हो हा विषाणू कुत्र्याकडून कुत्र्याकडे सहज जातात. लसी वेळेवर दिलेल्या असतील आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंताचे औषध मिळत असेल, तर यातले बहुतेक आवाक्यात राहते. रेबीजची लस चुकवू नका, हे सांगायला विषयाचे निमित्त लागत नाही.

तुम्ही पत्रात विचारले नाही, पण आपल्या भागात जत्रेच्या दिवसांत जे घडते ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. बोकड किंवा मेंढा कापला की यकृतावर आणि फुप्फुसांवर कधी कधी पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात, आणि "हे खायला नको" म्हणून तो भाग कुत्र्यांपुढे फेकला जातो. त्या फोडांत कुत्र्याच्या एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले की काही आठवड्यांत त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे हजारो जंत तयार होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यावर आणि त्याच्या केसांवर येतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर तसेच फोड माणसाच्या यकृतात वाढतात, जे पुढे शस्त्रक्रियेने काढावे लागतात. मेंढीचे कच्चे डोके कुत्र्याला टाकले तर आणखी एक जंत असाच फिरतो, आणि मग कळपातली एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. जुन्या धनगरांना हा रोग चांगला ठाऊक असतो. म्हणजे खंड्याने मेंढरांच्या लेंड्या खाण्यापेक्षा खंड्याने मेंढरांच्या शेतात शौच करणे हेच मेंढरांना आणि माणसांना जास्त महाग पडणारे आहे. कच्ची आतडी-काळीज त्याला घालू नका, फोड असलेला भाग खोल पुरा किंवा जाळा, आणि जत्रेनंतरच्या जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

बरगड्यांविषयी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात शिकारीसाठी धावणारी, आणि तिचे अंग मुळातच सडपातळ. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसटशा दिसणे हे अशा कुत्र्याचे आरोग्यच मानावे. कंबरेची हाडे टोकदार वर आली, मांडीचे मांस उतरले तर ते मात्र वेगळे. डोळ्यांच्या अंदाजावर न राहता वजन करा: किराणा दुकानातल्या मोठ्या काट्यावर यजमानांनी आधी एकटे उभे राहावे, मग खंड्याला उचलून उभे राहावे, आणि वजाबाकी दर पंधरवड्याला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. पोटभर खाऊनही वजन घटत असेल, आणि विष्ठा भरपूर, फिकट, तुपकट व फार दुर्गंधी असेल, तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असण्याची शक्यता असते आणि अशी कुत्री भुकेने वेडी होऊन स्वतःचीही विष्ठा खातात. खूप पाणी पिणे, वारंवार लघवी होणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, विष्ठेत रक्त दिसणे, किंवा इतकी वर्षे कधी न केलेली ही गोष्ट वयस्क कुत्र्याने अचानक सुरू करणे, यांपैकी काही दिसले तर रक्ततपासणी करून घ्यावी. दरवर्षी मेंढरे आली की सुरू होणारी आणि ती गेली की थांबणारी खंड्याची सवय या वर्णनात बसत नाही.

मीठ कमी असल्याची समजूत गुरांवरून कुत्र्यावर आली आहे. फॉस्फरस कमी पडलेली गाय हाडे आणि चिंध्या चघळते हे खरे. खंड्यासाठी मिठाचा खडा टांगून उपयोग नाही. त्याच्या ताटात कमतरता असेल तर ती बहुधा प्रथिनांची असेल. तुम्ही लिहिले नाही, पण आपल्या घरांतून कुत्र्याला सकाळी उरलेली भाकरी ताकात कुस्करून आणि रात्री आमटीभात असेच मिळते असा माझा अनुभव आहे. त्यात रोज एक-दोन उकडलेली अंडी, किंवा घरात अंडे चालत नसेल तर घट्ट वरण आणि दही-पनीर, आणि आठवड्यातून काही वेळा शिजवलेले कोंबडीचे मांस घातले, कांदा-लसूण घातलेली भाजी वगळली आणि हे सगळे दोन-तीन वेळांत विभागून दिले, तर भुकेपोटी होणारी भटकंती कमी होते. विशेषतः सकाळी शेताकडे निघण्याआधी त्याला खायला घाला. पोट भरले म्हणून तो लेंडीकडे पाहणारच नाही असे मात्र समजू नका, जेवल्यावर आपणही फुटाण्याला नाही म्हणत नाही.

काठी आणि मिरची यांविषयी थोडक्यात सांगतो. लेंडीजवळ मार बसतो हे कळलेला कुत्रा लेंडी सोडत नाही, माणसाला पाहताच ती जास्त घाईने गिळतो आणि पुढच्या वेळी माणसाची पाठ वळण्याची वाट पाहतो. शेतभर पसरलेल्या लेंड्यांवर मिरचीपूड टाकायची तर पोते लागेल, आणि खंड्याच्या आधी ती तुमच्याच डोळ्यांत जाईल.

शिकवण द्यायची तर ती घरात सुरू होते, शेतात नव्हे. आधी सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा. आपल्या सीमाभागातल्या घरांत कुत्र्याची पंचाईत अशी होते की आजी "शी शी" म्हणते, मालक "सोड" म्हणतात, गडी कन्नडमधून "बिडू" म्हणतो आणि मुले "नो" ओरडतात. तीन भाषांतले चार आवाज ऐकून त्याला एवढेच कळते की घरात गोंधळ चालला आहे. "सोड" हा शब्द घ्या आणि गड्यालाही तोच वापरायला सांगा. मुठीत उकडलेल्या अंड्याचा तुकडा बंद करून मूठ खंड्याच्या नाकापुढे धरा. तो चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. तुम्ही काही बोलू नका, मूठ उघडू नका. ज्या क्षणी तो कंटाळून नाक मागे घेईल त्या क्षणी "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातला त्याहून मोठा तुकडा द्या. मुठीतला तुकडा त्याला कधीच मिळता कामा नये, सोडल्याचे मोल दुसऱ्या हातातून येते हे त्याला कळले पाहिजे. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे, आठवडाभर. मग तुकडा जमिनीवर पायाखाली, मग उघड्यावर, आणि हे सर्व जमल्यावरच बैलाचा लांब कासरा त्याच्या गळपट्ट्याला बांधून शेताच्या कडेला, लेंड्यांपासून वीस-पंचवीस पावले दूर. तिथे वळून तुमच्याकडे पाहिले की अंडे द्या, आणि रोज दोन-चार पावलेच पुढे सरका. त्याने एखादी लेंडी उचललीच तर ओरडत धावू नका, तो त्याला खेळ समजतो. कासरा आखडून उलट दिशेने चालू लागा.

या काळात मोकळे सोडणे बंद ठेवावे लागेल, कारण दहा मिनिटे शिकवून दिवसभर लेंड्यांत सोडले तर तो लेंड्यांकडूनच शिकेल. बैलाला मळणीच्या वेळी मुसके घालतात तसे जाळीचे मुसके कुत्र्यासाठीही मिळते, त्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. तोंड घट्ट आवळणारा पट्टा मात्र उन्हात कधीही बांधू नका. सुक्या लेंडीसाठी मुसके चालते. ओल्या शेणावर तो जाळीसकट तोंड दाबतो आणि मग ती जाळी धुण्याचे काम तुमच्याकडे येते, हेही सांगून ठेवतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. ज्या तोंडाने मांजराची घाण खाल्ली ते तोंड देवघराजवळ नको, हे त्यांचे म्हणणे जंतांच्या हिशेबानेही बरोबर आहे. वाळू झाकली जाईपर्यंत आणि चौथ्या दिवशीच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत खंड्याची जागा पडवीत असू द्या, त्याचे पोते आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मेंढरे पुढच्या शेताकडे गेल्यावरही ते रान नांगरले जाईपर्यंत कासरा हातातून सोडू नका, कारण वाळलेल्या लेंड्या मातीत मिसळायला वेळ लागतो आणि खंड्याला त्या प्रत्येकीची जागा पाठ असेल.